पुनर्वसन संशोधनात आरोग्य विम्याचा क्लेम डेटा : प्रश्नापासून निष्कर्षापर्यंत

खुब्याचे हाड मोडलेल्या ऐंशी वर्षांच्या व्यक्तीला शस्त्रक्रियेनंतर किती फिजिओथेरपी मिळायला हवी, ती किती लवकर सुरू व्हावी, आणि ती न मिळाल्यास वर्षभरात काय होते? पुनर्वसनातले हे अगदी साधे प्रश्न आहेत. रुग्णांवर उपचारांची चाचणी (क्लिनिकल ट्रायल) करून उत्तर शोधायला गेले, की ज्यांना पुनर्वसनाची सर्वाधिक गरज असते नेमके तेच लोक चाचणीतून गळतात. स्मृतिभ्रंश झालेले, एकटे राहणारे, संमतिपत्रावर सही करण्याच्या अवस्थेत नसलेले, सहा महिन्यांनी तपासणीला परत येऊ न शकणारे. विम्याच्या दाव्यांमध्ये मात्र हे सगळे असतात, कारण त्यांच्या उपचारांचे बिल कोणीतरी, कुठेतरी भरलेले असते. क्लेम डेटाकडे वळण्याचे माझ्या मते सर्वांत सबळ कारण हेच आहे. लाखो नोंदी मिळतात हे कारण दुय्यम आहे.

पण क्लेम हा पैसे मागण्यासाठी भरलेला कागद असतो. रुग्णाला किती बरे वाटले हे त्यात कोणी लिहीत नाही, कारण ते लिहिल्याने पैसे मिळत नाहीत. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर समोरच्या नोंदीला विचारायचे: ही कोणी लिहिली, कोणाला पाठवण्यासाठी लिहिली, आणि वेगळी लिहिली असती तर कोणाचा फायदा किंवा तोटा झाला असता? ही सवय लागली की पद्धतशास्त्राचा निम्मा भाग आपोआप जागेवर बसतो.

हातात नेमके काय येते

बहुतेक ठिकाणी चार प्रकारच्या फायली मिळतात. पहिली सदस्यत्वाची: कोण, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत विम्याखाली होते, वय, लिंग, राहण्याचा विभाग. दुसरी रुग्णालयातील भरतीची. तिसरी ओपीडी, दवाखाने आणि स्वतंत्र थेरपिस्ट यांच्या बिलांची. चौथी औषधांची. काही संचांत वॉकर, व्हीलचेअर, कृत्रिम अवयव अशा साधनांची वेगळी फाईल असते, आणि पुनर्वसनवाल्यांसाठी ती फार मोलाची असते.

प्रत्येक ओळीत तारीख, सेवा देणाऱ्याचा क्रमांक, निदानाचा कोड, सेवेचा कोड, मागितलेली रक्कम आणि मंजूर रक्कम असते. वेदना किती, गुडघा किती वाकतो, घराला किती पायऱ्या आहेत, सून किंवा मुलगा सोबत आहे का, रुग्णाला पुन्हा काय करता यायला हवे होते, यातले काहीही नसते. तपासणी झाल्याचे कळते, तिचा निकाल कळत नाही.

पायरी १ : प्रश्न बिलाच्या भाषेत मांडून पाहा

डेटासाठी अर्ज करण्यापूर्वी कागदावर एक वाक्य लिहा, ज्यात पाच गोष्टी असतील: कोणते रुग्ण, कोणता उपचार, कशाच्या तुलनेत, कोणता परिणाम, कधीपासून कधीपर्यंत. मग प्रत्येक गोष्टीपुढे ती कोणत्या फाईलमधल्या कोणत्या रकान्यातून कळेल ते लिहा. एखाद्या गोष्टीपुढची जागा रिकामी राहिली, तर प्रश्न बदला किंवा डेटा बदला. रिकामी जागा नंतर संख्याशास्त्राने भरू, ही आशा धरू नका.

‘फिजिओथेरपीमुळे चालण्याचा वेग वाढतो का’ हा प्रश्न नुसत्या दाव्यांवर चालणार नाही. ‘शस्त्रक्रियेनंतर घरी सोडल्यापासून १४ दिवसांत थेरपी सुरू झालेल्या आणि न झालेल्या रुग्णांमध्ये पुढच्या वर्षभरात घरी काढलेल्या दिवसांत किती फरक पडतो’ हा चालेल. कोणाला सेवा मिळते आणि कोणाला मिळत नाही, प्रदेशानुसार तफावत किती, धोरण बदलल्यावर सेवा कुठे कमी झाली, पुनर्वसनानंतर लोक पुन्हा कशासाठी भरती होतात, औषधांचा वापर कसा बदलतो, या प्रश्नांसाठी क्लेम डेटाइतके चांगले साधन क्वचितच असते. उपचारांची घडण आणि प्रवास तो उत्तम दाखवतो. उपचाराच्या खोलीत काय घडले, ते तो जवळजवळ कधीच दाखवत नाही.

या लेखभर खुब्याच्या फ्रॅक्चरचेच उदाहरण घेऊ.

पायरी २ : पैसे कोण भरतो, ते शोधा

पुनर्वसनाच्या क्षेत्रात ही पायरी इतर वैद्यकीय शाखांपेक्षा जास्त महत्त्वाची आहे, कारण पुनर्वसनाचा खर्च अनेकदा आरोग्य विम्याबाहेरून होतो. जर्मनीचेच पाहा. तिथे लोकसंख्येचा बहुतांश भाग वैधानिक आरोग्य विम्याखाली असतो, पण कामकाजाच्या वयातल्या लोकांचे वैद्यकीय पुनर्वसन मुख्यतः पेन्शन विमा करतो, आणि कामावरच्या अपघातानंतरचे पुनर्वसन अपघात विमा करतो. केवळ आरोग्य विम्याचे दावे घेतले, तर कमरेच्या दुखण्याने त्रस्त ४५ वर्षांच्या कामगाराचे पुनर्वसन झालेच नाही असे दिसेल. प्रत्यक्षात ते दुसऱ्याच्या खात्यावर झालेले असू शकते.

अमेरिकेत मेडिकेअरचे, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचे, दोन मार्ग आहेत. सरकार थेट पैसे देते त्या मूळ मेडिकेअरचे दावे संशोधकांना दीर्घकाळ उपलब्ध आहेत. खासगी कंपन्यांमार्फत चालणाऱ्या मेडिकेअर ॲडव्हान्टेजमध्ये प्रत्येक सेवेचे बिल सरकारकडे त्याच पद्धतीने जात नाही, म्हणून तिथल्या नोंदींचा दर्जा आणि पूर्णता वेगळी तपासावी लागते. एखादी व्यक्ती वर्षाच्या मध्येच पहिल्यातून दुसऱ्यात गेली, तर तिची थेरपी ‘थांबली’ असे तुमचा प्रोग्राम म्हणेल. तैवानमध्ये १९९५ पासून एकच राष्ट्रीय विमा जवळपास संपूर्ण लोकसंख्येला व्यापतो, त्यामुळे ही गळती कमी होते. तरी विम्यात न बसणारी, खिशातून पैसे देऊन घेतलेली थेरपी तिथेही दिसत नाही.

तेव्हा तीन प्रश्नांची लेखी उत्तरे मिळवा. या आजारानंतर पुनर्वसनाचे पैसे कोण कोण देऊ शकते? त्यातल्या कोणाच्या नोंदी माझ्याकडे आहेत? खिशातून खर्च करणारे लोक इतरांपेक्षा वेगळे असतील का? तिसऱ्याचे उत्तर बहुधा ‘हो’ असते. सधन रुग्ण विम्याची मर्यादा संपल्यावरही थेरपी घेत राहतो, गरीब थांबतो, पण डेटात दोघांची थेरपी एकाच दिवशी संपते.

दावे उशिरा येतात हेही इथेच लक्षात घ्या. सेवा दिल्यापासून बिल दाखल होऊन, तपासले जाऊन, मंजूर होईपर्यंत काही महिने जातात. संचातील शेवटचे महिने त्यामुळे विरळ दिसतात. ती घट खरी समजू नका, अभ्यासाचा काळ आधीच थांबवा.

पायरी ३ : बिल बनवणाऱ्या माणसाशी बोला

ही पायरी बहुतेक जण वगळतात, आणि मला वाटते सर्वांत जास्त शोधनिबंध इथेच कमकुवत होतात. कोडची यादी पुस्तिकेत मिळते, कोडचा वापर मात्र बिलिंग विभागातल्या कारकुनाला आणि रोज नोंदी भरणाऱ्या थेरपिस्टला माहीत असतो. दोघांनाही विश्लेषणाआधी भेटा आणि एक खऱ्यासारखा काल्पनिक रुग्ण घेऊन, भरतीपासून शेवटच्या सत्रापर्यंत कोणत्या दिवशी कोणते बिल निघेल ते त्यांच्याकडून लिहून घ्या.

त्यांच्याकडून कळणाऱ्या गोष्टी किती निर्णायक असतात, याची काही उदाहरणे देतो. मेडिकेअरमध्ये वेळेवर आधारित थेरपी कोड १५ मिनिटांच्या युनिटमध्ये मोजतात, पण ८ मिनिटे झाली की एक युनिट लावता येते, दुसऱ्यासाठी २३ मिनिटे लागतात आणि तिसऱ्यासाठी ३८. म्हणजे दोन युनिटचा अर्थ २३ मिनिटांपासून ३७ मिनिटांपर्यंत काहीही असू शकतो. जपानमध्ये पुनर्वसनाचे एक युनिट २० मिनिटांचे असते. दोन देशांतील ‘युनिट’ शेजारी शेजारी ठेवून सरासरी काढली, तर ती संख्या कशाचीच नसते.

दुसरे, एकत्रित दर. भरती असताना थेरपीचे पैसे अनेकदा संपूर्ण भरतीच्या दरातच धरलेले असतात. मग थेरपिस्ट रोज येऊन गेला तरी त्याची स्वतंत्र ओळ नसू शकते, किंवा असली तरी ती काळजीपूर्वक भरण्याची कोणाला गरज नसते. ओळ नाही म्हणून थेरपी नाही, असा अर्थ लावण्यापूर्वी त्या ठिकाणी ओळ असण्याला काही कारण होते का, ते पाहा.

तिसरे, दरांचे उंबरठे. अमेरिकेतील स्किल्ड नर्सिंग फॅसिलिटींना, म्हणजे रुग्णालयानंतर काही काळ परिचर्या आणि थेरपी देणाऱ्या केंद्रांना, २०१९ च्या सप्टेंबरपर्यंत आठवड्याला किती मिनिटे थेरपी दिली यावर दर मिळे, आणि सर्वांत वरच्या श्रेणीसाठी ७२० मिनिटे लागत. नोंदवलेली मिनिटे त्या आकड्याच्या किंचित वर दाटीने जमलेली आढळली. १ ऑक्टोबर २०१९ पासून दर रुग्णाच्या वैशिष्ट्यांवर ठरू लागले आणि थेरपीची मिनिटे घटली. हा काळ ओलांडणाऱ्या कोणत्याही अभ्यासात ‘थेरपीची मात्रा’ या शब्दांचा अर्थ मध्येच बदलतो. रुग्ण तेच, आजार तोच, पण नोंदीमागचा हेतू वेगळा.

म्हणून एक धोरण-दिनदर्शिका तयार करा. अभ्यासाच्या काळात कोडिंग, दर, मर्यादा, पूर्वपरवानगी यांत कधी काय बदलले, याची एका पानाची यादी. अमेरिकी डेटासाठी तीत निदानांचे कोड १ ऑक्टोबर २०१५ रोजी आयसीडी या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या नवव्या आवृत्तीवरून (आयसीडी-९) दहाव्या आवृत्तीवर (आयसीडी-१०) गेले हे असेल, २०१७ मध्ये फिजिओथेरपीच्या मूल्यमापनाचा एक कोड जाऊन गुंतागुंतीनुसार तीन कोड आले हे असेल, ओपीडी थेरपीच्या खर्चावरील कमाल मर्यादा २०१८ मध्ये कायद्याने रद्द झाली हे असेल, आणि २०२० च्या महासाथीत शिथिल झालेले नियम असतील. प्रत्येक मासिक आलेखावर या तारखांच्या उभ्या रेषा काढा. आलेख जिथे उडी मारतो तिथे बहुतेक वेळा एखादी रेषा सापडते.

पायरी ४ : छेद, म्हणजे किती जणांपैकी मोजायचे, ते आधी ठरवा

दावा नसण्याचे दोन अर्थ होतात: सेवा घेतली नाही, किंवा ती व्यक्ती त्या काळात विम्याखालीच नव्हती. सदस्यत्वाची फाईल हा भेद करते, म्हणून काम तिथूनच सुरू होते. फ्रॅक्चरच्या आधीचे किमान १२ महिने सलग सदस्यत्व मागणे ही रूढ पद्धत आहे. या मागच्या काळातून जुने आजार, आधीची फ्रॅक्चर आणि आधीपासून चालू असलेली थेरपी कळते.

पुढच्या काळासाठी मात्र ‘वर्षभर सलग सदस्यत्व’ ही प्रवेशाची अट ठेवू नका. वर्षाच्या आत मरण पावलेले सगळे त्याने बाहेर जातात आणि उरलेली मंडळी कृत्रिमरीत्या ठणठणीत दिसतात. सदस्यत्व संपले त्या दिवशी निरीक्षण थांबवा आणि ते मृत्यूने संपले की दुसऱ्या कारणाने, हे वेगळे नोंदवा. मृत्यूची तारीख तुमच्या संचात कुठून येते तेही विचारा. फक्त रुग्णालयातील मृत्यू नोंदलेले असतील, तर घरी झालेला मृत्यू सदस्यत्व सोडल्यासारखा दिसेल.

पायरी ५ : रुग्ण नेमके ओळखा

खुब्याच्या फ्रॅक्चरसाठी आयसीडी-१० मधला एस७२ हा गट पाहायचा, पण तेवढे पुरेसे नाही. अमेरिकी आवृत्तीत फ्रॅक्चरच्या कोडला सातवे अक्षर असते. साध्या, बंद फ्रॅक्चरमध्ये ‘ए’ म्हणजे सक्रिय उपचार चालू, ‘डी’ म्हणजे भरून येण्याच्या काळातली पुढची भेट, ‘एस’ म्हणजे मागे राहिलेला परिणाम. थेरपिस्टच्या बिलावर ‘डी’ दिसणार हे स्वाभाविक आहे, आणि ते नवे फ्रॅक्चर म्हणून मोजले तर एका माणसाचा खुबा वर्षातून अनेकदा मोडेल. भरतीच्या नोंदीतले मुख्य निदान, त्याच भरतीतील शस्त्रक्रियेचा कोड, आणि मागच्या १२ महिन्यांत तसे काही नसणे, या तीन अटी एकत्र लावल्यावर व्याख्या विश्वासार्ह होते.

पक्षाघातातही असाच सापळा आहे. मेंदूचा रक्तपुरवठा अडून आलेल्या ताज्या झटक्यासाठी आय६३, मेंदूतल्या रक्तस्रावासाठी आय६१, आणि झटक्याच्या उरलेल्या परिणामांसाठी आय६९. पुनर्वसनाच्या बिलांवर आय६९ असतो, किंवा नुसते चालण्यातील दोषाचे लक्षणकोड असतात. थेरपीच्या बिलावरचे निदान हे मूळ आजाराचा पुरावा म्हणून सहसा वापरू नये. ते ‘ही थेरपी का द्यावी लागली’ याचे विमा कंपनीला दिलेले उत्तर असते.

जर्मनीच्या ओपीडी दाव्यांत प्रत्येक निदानाला खात्रीचे चिन्ह लावतात: निश्चित, संशयित, नाकारलेले, किंवा पूर्वी होऊन गेलेले. हा रकाना वाचायचा राहिला, तर ‘हा आजार नाही’ असे डॉक्टरांनी लिहिलेले रुग्णही तुमच्या गटात येतात. शिवाय तिथल्या ओपीडी निदानांचा हिशेब तिमाहीचा असतो, त्यामुळे निदानाच्या तारखेवर दिवसांचे गणित बांधता येत नाही.

तुमची व्याख्या आधी कोणी रुग्णालयातील कागदपत्रांशी ताडून पाहिली आहे का, ते शोधा. पाहिली नसेल तर एखाद्या रुग्णालयाच्या मदतीने काहीशे नोंदी तरी स्वतः ताडून बघा. व्याख्येत सापडलेल्यांपैकी खरे रुग्ण किती, आणि खऱ्या रुग्णांपैकी सापडले किती, हे दोन आकडे वेगवेगळे मोजा. परिणामांची तुलना करायची असेल तर पहिला जपा. आजार किती जणांना होतो हे मोजायचे असेल तर दोन्ही लागतात.

पायरी ६ : थेरपी मोजा

आधी स्वच्छता. नाकारलेले दावे, दुरुस्त करून पुन्हा पाठवलेले दावे, आणि रद्द करण्यासाठी उणे रकमेने टाकलेल्या ओळी यांचा निकाल लावा. एकाच सत्राच्या दोन ओळी म्हणजे दोन सत्रे नव्हेत. व्यायाम आणि हाताने केलेले उपचार यांचे कोड वेगळे असल्यामुळे तासाभराच्या भेटीतून तीन ओळी सहज निघतात. म्हणून ओळी मोजण्याऐवजी व्यक्ती, थेरपीचा प्रकार आणि तारीख यांचे वेगवेगळे संयोग मोजा. मेडिकेअरच्या ओपीडी दाव्यांत जीपी, जीओ आणि जीएन ही चिन्हे अनुक्रमे फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि स्पीच थेरपी वेगळी करतात. ती नसतील तर एकच व्यायामाचा कोड कोणी वापरला हे कळणे कठीण होते.

मग सत्रांची मालिका बांधा. दोन सत्रांत किती दिवसांची फट पडली की उपचारांचा एक टप्पा संपला मानायचा? ३० दिवस? ६०? याला एकच बरोबर उत्तर नाही. तुमच्या भागातले थेरपिस्ट प्रत्यक्षात कसे काम करतात त्यावरून एक आकडा निवडा आणि उरलेल्या दोन-तीन आकड्यांनी गणित पुन्हा करून निकाल टिकतो का ते दाखवा.

सत्रांची संख्या, एकूण मिनिटे, पहिल्या सत्रापर्यंतचे दिवस आणि मालिकेचा कालावधी या चार गोष्टी वेगळ्या ठेवा. त्यांचा मिळून एक ‘तीव्रता निर्देशांक’ करण्याचा मोह होतो, पण वाचणाऱ्या थेरपिस्टला त्याचा काही उपयोग नसतो. आणि थेरपीत नेमके काय केले, रुग्णाने किती प्रयत्न केला, घरी व्यायाम केला का, हे कोणत्याही मोजमापात येत नाही, हे अहवालात स्पष्ट लिहा.

पायरी ७ : कार्यक्षमतेची पोकळी

पुनर्वसनाचा सारा हेतू माणसाची कार्यक्षमता हा आहे, आणि क्लेम डेटात नेमकी तीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये आयसीएफ हे वर्गीकरण स्वीकारले, ज्यात शरीराची कार्ये, दैनंदिन कृती, सहभाग आणि परिसर यांना स्थान आहे. बिले मात्र आयसीडीवर चालतात. म्हणजे आजार नोंदवला जातो, त्या आजाराने काय करता येईनासे झाले ते सुटते.

यावरचा सर्वांत चांगला उपाय जोडणीचा. काही व्यवस्थांत दाव्यांच्या शेजारीच मूल्यमापनाचे तक्ते सापडतात. अमेरिकेत रुग्णालयस्तरीय पुनर्वसन केंद्रांसाठी आयआरएफ-पीएआय, नर्सिंग होमसाठी एमडीएस आणि घरपोच सेवेसाठी ओएसिस हे तक्ते भरावे लागतात आणि ते दाव्यांशी जोडता येतात. जपानच्या डीपीसी या रुग्णालयीन संचात भरतीच्या आणि डिस्चार्जच्या वेळची दैनंदिन कृतींची गुणसंख्या असते. जोडणी करताना मोजपट्टी मध्येच बदलली का, ते पाहा. आयआरएफ-पीएआयमध्ये २०१९ च्या सप्टेंबरपर्यंत एफआयएम ही दैनंदिन कामांतले स्वावलंबन मोजणारी १८ बाबींची, १८ ते १२६ गुणांची पट्टी होती. ऑक्टोबर २०१९ पासून तिच्याऐवजी वेगळ्या बाबी आल्या. आणि हे तक्ते भरणाऱ्याचा दरही त्यांवरच ठरत असेल, तर सुरुवातीचा प्रश्न इथेही विचारा.

जोडणी शक्य नसेल तर अप्रत्यक्ष खुणा वापरता येतात: व्हीलचेअर, घरी वापरायचा हॉस्पिटल बेड, वॉकर, अ‍ॅम्ब्युलन्सने झालेली ने-आण, दाबामुळे होणाऱ्या जखमा, पडल्याच्या नोंदी, स्मृतिभ्रंशाचे निदान. यांतून दुर्बलतेचे निर्देशांक बांधलेले आहेत. मूळ प्रकृतीचा अंदाज घेण्यासाठी ते उपयोगी पडतात. पण परिणाम म्हणून वापरताना फार सावध राहा. व्हीलचेअरचा दावा म्हणजे प्रकृती खालावली असेही असेल, किंवा कोणीतरी नीट पाठपुरावा करून रुग्णाला पुन्हा घराबाहेर पडता येईल अशी सोय केली असेही असेल. एकच ओळ, दोन विरुद्ध अर्थ.

चार्ल्सन (१९८७) किंवा एलिक्सहाउझर (१९९८) यांचे सहव्याधी-निर्देशांक (रुग्णाला सोबत असलेल्या इतर आजारांचे एकत्रित मोजमाप) तुम्ही वापरालच. मात्र पहिला मृत्यूचा अंदाज घेण्यासाठी बनवला होता आणि दुसरा रुग्णालयीन मुक्काम, खर्च व मृत्यू यांसाठी. चालण्याची क्षमता त्यांनी सांगितलेली नाही. ‘सहव्याधींसाठी समायोजन केले’ या वाक्याने कार्यक्षमतेचे समायोजन होत नाही.

पायरी ८ : तुलना प्रामाणिक करा

आता आपल्या उदाहरणाकडे. लवकर थेरपी मिळालेले रुग्ण वर्षाअखेर बरे दिसतात. का? कदाचित थेरपीमुळे. कदाचित ज्यांना उभे राहता येत होते त्यांनाच डॉक्टरांनी थेरपीला पाठवले म्हणून. उलटही घडते: जे फारच अशक्त होते त्यांना जास्त सत्रे दिली गेली, आणि डेटात थेरपीच घातक दिसू लागली. पुनर्वसनात हे दोन्ही प्रवाह एकाच वेळी वाहतात, आणि कोणता जोरात आहे ते आजारानुसार आणि ठिकाणानुसार बदलते.

यावर सर्वांत उपयोगी शिस्त म्हणजे, शक्य असते तर आपण कोणती चाचणी केली असती, ते सविस्तर लिहून काढणे. मिगेल हर्नान आणि जेम्स रॉबिन्स या साथरोगशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये हा विचार टार्गेट ट्रायल म्हणून मोठ्या डेटासाठी मांडला. पात्रता, दोन उपचार-धोरणे, वाटप, शून्य क्षण, पाठपुरावा, परिणाम, विश्लेषण, हे सगळे आधी कागदावर उतरवायचे.

यातला शून्य क्षण कळीचा. पात्रता पूर्ण होणे, उपचार ठरणे आणि मोजणी सुरू होणे हे तिन्ही एकाच दिवशी आले पाहिजे. आपल्या उदाहरणात तो दिवस डिस्चार्जचा. समजा ‘१४ दिवसांत थेरपी सुरू’ असा गट केला आणि मोजणी डिस्चार्जपासूनच धरली. बाराव्या दिवशी थेरपी सुरू झालेली व्यक्ती पहिले बारा दिवस जिवंत आणि घरी होती हे गृहीतच आहे. पाचव्या दिवशी मरण पावलेली व्यक्ती मात्र आपोआप ‘थेरपी नाही’ या गटात पडली. थेरपीने काहीही न करता थेरपीचा गट जिंकला. संशोधक याला इम्मॉर्टल टाइम बायस म्हणतात, आणि थेरपी सुरू व्हायला नेहमीच थोडा काळ जात असल्यामुळे पुनर्वसनाच्या अभ्यासांत तो फार सहज शिरतो.

दोन मार्ग आहेत. सोपा मार्ग: मोजणी चौदाव्या दिवसापासून सुरू करा आणि त्या दिवशी जे जिवंत, घरी आणि सदस्य आहेत त्यांचीच तुलना करा. यात लवकर मरण पावलेल्यांविषयी काही सांगता येत नाही, हे मान्य करावे लागते. अवघड मार्ग: डिस्चार्जच्या दिवशी प्रत्येक रुग्णाची नोंद दोन्ही धोरणांत ठेवा, प्रत्यक्ष वागणे ज्या धोरणाशी विसंगत होईल तिथे त्या दिवशी त्याचे निरीक्षण थांबवा, आणि थांबवल्याने आलेला कल वजने देऊन दुरुस्त करा. हे करायला अनुभवी संख्याशास्त्रज्ञ सोबत हवा.

प्रोपेन्सिटी स्कोअर (रुग्णाच्या नोंदींवरून काढलेली, त्याला उपचार मिळण्याची अंदाजित शक्यता) वापरताना लक्षात असू द्या की तो मोजलेल्या गोष्टींचाच समतोल साधतो. न मोजलेल्या कार्यक्षमतेसाठी वेगळी युक्ती लागते. घरापासून पुनर्वसन केंद्राचे अंतर हे उपचार मिळण्यावर प्रभाव टाकते, म्हणून ते इन्स्ट्रुमेंट म्हणून, म्हणजे उपचार मिळण्यावर प्रभाव टाकणारी पण परिणामाशी थेट संबंध नसलेली गोष्ट म्हणून, वापरतात. पण दूर राहणारे लोक इतर बाबतींतही वेगळे असतात, तेव्हा ते गृहीतक तपासा. दरांचा किंवा मर्यादेचा नियम ठरावीक तारखेला बदलला असेल, तर आधी-नंतरची तुलना एखाद्या न बदललेल्या गटासोबत करता येते. मला हा मार्ग अनेकदा जास्त पटतो, कारण नियम बदलणाऱ्याने त्या एका रुग्णाची प्रकृती पाहिलेली नसते.

आणि एक स्वस्त पण परिणामकारक कसोटी: थेरपीचा ज्यावर परिणाम होणे शक्य नाही असा एखादा परिणाम निवडा, उदाहरणार्थ फ्लूची लस घेणे. लवकर थेरपीवाल्या गटात तीही जास्त दिसली, तर दोन गटांत आरोग्याबद्दलची जागरूकता किंवा घरचा आधारच वेगळा आहे. मुख्य निकालावर त्याची सावली असणारच.

पायरी ९ : परिणाम निवडा

घरी काढलेले दिवस हे मोजमाप पुनर्वसनासाठी मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. ३६५ मधून रुग्णालयातले, नर्सिंग होममधले आणि मृत्यूनंतरचे दिवस वजा करायचे. रुग्णांना स्वतःलाही घरी राहणे महत्त्वाचे वाटते. पण अंथरुणाला खिळलेला माणूस सुनेच्या भरवशावर घरी असेल, तरी तो दिवस पूर्ण गुण मिळवतो. कुटुंबाच्या विनावेतन श्रमाचे बिल कोणी पाठवत नाही.

पुन्हा भरती होण्याचे विश्लेषण करताना मृत्यूला स्पर्धक घटना म्हणून धरा, नाहीतर जास्त मृत्यू झालेला गट कमी भरतींमुळे चांगला ठरेल. खर्च मोजायचा असेल तर मागितलेली रक्कम बाजूला ठेवून मंजूर झालेली वापरा, आणि रुग्णाचा वाटा त्यात आहे की नाही हे सांगा.

पायरी १० : गोपनीयता आणि लेखन

नाव-पत्ता काढला म्हणजे माणूस ओळखता येत नाही असे नाही. पाठीच्या कण्याला इजा झालेला विशीतला तरुण एखाद्या लहान विभागात एकटाच असू शकतो. मेडिकेअरच्या डेटावर काम करताना ११ पेक्षा कमी लोकांची संख्या कोणत्याही तक्त्यात प्रसिद्ध करता येत नाही, आणि बेरीज-वजाबाकीतून ती शोधता येईल अशी मांडणीही चालत नाही. तुमच्या डेटाच्या करारात असा नियम नसला तरी तो पाळा. पुनर्वसनातले आजार अनेकदा दुर्मीळ असतात, म्हणून वय आणि विभाग यांचे गट मोठे ठेवा.

विश्लेषणाचा आराखडा निकाल पाहण्यापूर्वी तारखेसह नोंदवा. लेखनासाठी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेली रेकॉर्ड ही मार्गदर्शक यादी नियमित नोंदींवर आधारलेल्या अभ्यासांसाठीच बनवली आहे. कोडच्या संपूर्ण याद्या, डेटाची जोडणी, गाळणीच्या प्रत्येक टप्प्यावर उरलेली माणसे हे सगळे ती मागते. सगळ्या याद्या प्रोग्रामसह खुल्या ठेवा. तुमच्या व्याख्येतली चूक दुसऱ्या कोणाला सापडण्याचा तोच एक मार्ग असतो.

निष्कर्षाच्या वाक्यात क्रियापद जपून निवडा. ‘लवकर थेरपीने घरी राहण्याचे दिवस वाढले’ आणि ‘लवकर थेरपीचा दावा असलेल्या रुग्णांचे घरी राहण्याचे दिवस जास्त होते’ यांतले दुसरे वाक्य डेटाने सांगितलेले असते. पहिले लिहायचे असेल तर आठव्या पायरीतले प्रत्येक गृहीतक मजकुरात नाव घेऊन समोर ठेवा. आणि पहिला मसुदा तयार झाला की तो तिसऱ्या पायरीतल्या त्या थेरपिस्टला आणि बिलिंगच्या कारकुनाला वाचायला द्या. ‘हे असे होतच नाही’ असे त्यांच्यापैकी कोणी म्हणाले, तर नियतकालिकाकडे पाठवण्यापूर्वी तो तक्ता पुन्हा उघडा.